कापलेली पंगत

खडकी बाजारात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या इरफानच्या पायाला भिंगरी होती. चहा उभ्याने प्यायचा, तोही अर्धा. बायको मेहनाज म्हणायची, "आमचा निकाहसुद्धा यांनी फास्ट फॉरवर्डमध्ये उरकला." त्यात धंदाही बूड टेकू देईना. कॅसेट गेली, सीडी आली. सीडीची सवय होतेय तोवर डीव्हीडी आली. आणि आता आयटीतली पोरं आईबापांची लग्नं मोबाइलमध्ये भरून मागू लागली. इरफानने कॉम्प्युटर घेतला आणि जुनी लग्नं नव्या साच्यात ओतायला बसला. बसला म्हणायचं आपलं, खुर्ची कायम रिकामीच.

एका दुपारी शालनवहिनी दुकानात आल्या. त्यांचा नवरा श्याम दारूगोळा कारखान्यात होता, इरफानच्या चांगल्या ओळखीचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. वहिनींनी पिशवीतून नणंदेच्या लग्नाच्या सीड्या काढल्या. शूटिंग इरफाननेच केलेलं. सोबत मुलाचा जुना व्हिडिओगेम होता, हातात धरून खेळायचा. मुलाने नवा घेतल्यापासून तो कपाटात पडून होता.

"ह्याच्यावर लग्न दिसेल का?"

"दिसेल की. पण अहो वहिनी, टीव्हीवर बघा ना, मोठं दिसतं."

"टीव्हीसमोर सगळे असतात," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचं विचारायला इरफानला सवड कुठली? गेमचं मेमरी कार्ड चिमुकलं, आणि लग्न मारुतीच्या शेपटासारखं. त्याने कात्री चालवली. मंगलाष्टकं ठेवली, सप्तपदी ठेवली, पाठवणीचं रडणं ठेवलं. पंगत उडवली. लोकांचं जेवण कोण बघत बसतं?

दुसऱ्या दिवशी वहिनी परत हजर.

"इरफानभाई, पंगत कुठे गेली?"

"कापली. तिच्यात काय बघायचंय?"

"हे वाढत होते." वहिनींनी गेम काउंटरवर ठेवला. "फोटो ढीगभर आहेत ह्यांचे. पण चालते-बोलते हे तेवढ्या एकाच ठिकाणी आहेत."

इरफानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने दुकानातलं सगळं काम बाजूला सारलं आणि नुसती पंगत वेगळी काढायला लावली. कॉम्प्युटर आपल्या चालीने चालला होता आणि हा दुकानाच्या दारापर्यंत येरझारा घालत होता. झाल्याबरोबर कार्ड उपसून गेममध्ये सरकवलं, तपासून बघायचाही धीर नव्हता. वहिनींच्या घराखाली स्कूटर चालूच ठेवून तो जिना चढला.

स्वयंपाकघरात वहिनींनी पदराला हात पुसले आणि गेम हातात घेतला. तळहाताएवढ्या पडद्यावर पंगत सुरू झाली. कॅमेरा मागे कुत्रं लागल्यासारखा पानांवरून पळत होता. तेवढ्यात जिलबीचं ताट घेऊन श्याम आला, त्याच्या सवयीने डावीकडे किंचित झुकत. त्याने थेट कॅमेऱ्यात बघितलं.

"इरफान, ठेव तो कॅमेरा. आधी जेवून घे."

तो हसायला लागणार, इतक्यात कॅमेरा गर्रकन फिरला आणि स्टेजवरचा नवरदेव दिसू लागला.

"हसणार होते," वहिनी म्हणाल्या.

इरफानची मान वर होईना. "घास भरवत होते स्टेजवर... मला वाटलं, तेच महत्त्वाचं."

वहिनींनी पंगत पुन्हा लावली, मग पुन्हा. इरफानच्या हातातली दुकानाच्या किल्ल्यांची जुडी वाजत होती. त्याला पळून जावंसं वाटत होतं.

"मग त्या दिवशी जेवलात का?"

इरफानने आठवून पाहिलं. "नाही. घाई होती."

वहिनींनी पाट मांडला. "ह्यांचं बोलावणं राहिलंय तुमच्याकडे. बसा."

खाली स्कूटर फटफटत होती. इरफान जिना उतरला, स्कूटर बंद केली आणि वर येऊन पाटावर बसला. वहिनींनी भातावर वरण वाढलं, गेम डब्याला टेकवून ठेवला आणि पंगत पुन्हा सुरू केली.

"आधी जेवून घे," श्याम म्हणाला.

इरफानने घास घेतला.