मापाला माया

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांच्या कमरा मोजल्या, स्वतःची एकदाही नाही. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ उमटलेला दिसायचा, तेव्हाही त्यांनी दोष दिला तो मोज्यांच्या इलॅस्टिकला. शिंपी माणूस, दुसरं काय करणार! साखर दहा वर्षं जुनी होती आणि तिच्या पाठोपाठ रक्तदाबही आला होता. आता किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की मूत्रपिंडंही थकली आहेत. औषधं चालू राहतील, पण खाणं सांभाळलं नाही तर वर्षभरात मशीनवर जावं लागेल.

"मशीनवर तर मी आयुष्यभर बसलोय," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांना हसू आलं नाही. हे मशीन रक्त धुण्याचं, आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास, असं त्यांनी समजावलं. मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब केला. तीन दिवस दुकान बंद म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार. गिऱ्हाईक गेलं तर गेलं, एकट्या पोटाला असं लागतं किती? पण दुकान बंद झालं तर बोलायचं कोणाशी? घरी भिंती होत्या. बायकोला जाऊन तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दिवसभरात "बाही थोडी आखूड करा" म्हणणारी चार माणसं भेटायची, तीच काय ती मास्तरांची बोलचाल. एकटा जीव सदाशिव म्हणायला सोपं असतं, राहून बघावं मग कळतं.

डॉक्टरांनी सांगितलं, आहारतज्ज्ञ शोधा. पण असा, ज्याला किडनी आणि साखर दोन्ही एकत्र कळतात.

मास्तर शोधायला निघाले. पहिला भेटला तो व्यायामशाळेच्या माळ्यावर. पिळदार दंडांचा गडी, मागे डब्यांची चळत. त्याने मास्तरांना वजनकाट्यावर उभं केलं, रोज सहा अंडी खायला सांगितली आणि वर प्रथिनांच्या पावडरीचा एक डबाही गळ्यात मारला. डॉक्टरांनी तो डबा बघून कपाळाला हात लावला. थकलेल्या बैलाला दुप्पट ओझं, असं म्हणाले. दुसरी बाई फोनवरची. तिने न बघता न विचारता साखरेचा तक्ता पाठवला, त्यात दोन टोमॅटो, केळं आणि नारळपाणी. शेजारच्या घड्याळजीने मग कुठूनसा किडनीचा छापील कागद आणून दिला, त्यात टोमॅटो, केळं आणि नारळपाणी या तिघांवरही लाल फुली. मास्तरांनी दोन्ही कागद टेबलावर टाचणीने शेजारी शेजारी टोचले आणि खडूने एकेक पदार्थ खोडत गेले. याला हे वर्ज्य, त्याला ते वर्ज्य. शेवटी उरली काकडी आणि हवा. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते हेच.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की जो आधी तुमचे रक्ताचे रिपोर्ट मागेल आणि मगच तोंड उघडेल, तो खरा. अशी एक आमच्याच इस्पितळात बसते, दर बुधवारी, तळघरात. हे आधी सांगायला यांच्या काय जिवावर आलं होतं देव जाणे, पण असो.

तळघरात जुन्या फायलींची खोली आणि लिफ्ट यांच्या मधे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक तराजू, एवढाच तिचा संसार. वय तिशीच्या आतबाहेर. मास्तर बसताच तिने हात पुढे केला तो रिपोर्टसाठी. पोटॅशियम बघितलं, क्रिएटिनिन बघितलं, गोळ्यांची पाकिटं उलटून वाचली. मीठ कुठलं वापरता, हेही विचारलं. मास्तर ऐटीत म्हणाले की रक्तदाबासाठी मुद्दाम ते कमी सोडियमचं महागडं मीठ आणलंय. तिने पेन खाली ठेवलं. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, तुमच्या किडनीला ते विष, आजच्या आज बंद करा, साधंच घ्या पण थोडं. मास्तरांना बाई आवडली. खरं बोलणारं माणूस त्यांना फार दिवसांनी भेटलं होतं.

मग तिने फॉर्म काढला आणि विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं?

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण ती खोली, ती लिफ्टची घरघर, आणि समोर मुलीच्या वयाची पोर. आपण रोज ओट्यापाशी उभ्यानेच पातेल्यातून खातो, हे तिला कसं सांगावं? मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "आमची मंडळी करते."

"मग काकूंचा नंबर द्या. मी दर गुरुवारी फोन करते. स्वयंपाक करणाऱ्याशीच बोलावं लागतं, नाहीतर पालथ्या घड्यावर पाणी."

मास्तरांनी नंबर दिला, बायकोचाच. तो फोन अजून चालू होता. बंद करायला दुकानात जावं लागलं असतं, तिथे कारण विचारलं असतं, कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा दर महिन्याला रिचार्ज मारणं सोपं होतं. फोन घरी कपाटात पडून असायचा, चार्जिंगला लावलेला. तीन वर्षांत त्यावर जाहिरातींशिवाय काही आलं नव्हतं.

गुरुवारी मास्तर फोन दुकानात घेऊन गेले. चार वाजता तो वाजला. मास्तर एका पॅन्टची चेन बसवत होते, त्यांचा हात असा दचकला की सुई बोटात गेली. पलीकडून आवाज आला, काकू आहेत का? मास्तर म्हणाले, अंघोळीला गेलीय. मग तिने निरोप दिला. काकूंना सांगा, बटाटा असो की दुधी, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, पोटॅशियम त्यातून जातं. पाणी, चहा, दूध सगळं धरून दिवसाला एक लिटर. मीठ दिवसभरात अर्धा चमचा, सपाट. पुढच्या गुरुवारी काकू बाजारात गेल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी बहिणीकडे. मास्तरांना थापा मारायची सवय नव्हती, पण हळूहळू हात बसला. आणि काय सांगायचं, त्यांना त्या फोनची ओढ लागली. गुरुवारी ते जरा बरा शर्ट घालू लागले. फोनवर कोण बघणार आहे शर्ट? पण माणूस म्हटलं की असंच.

स्वयंपाक अर्थातच मास्तर स्वतःच करत होते, आणि मनापासून करत होते. भाजी उकळत होते, पाणी ओतत होते. तरी महिन्याने रिपोर्ट आले ते वाईट. वजन दोन किलो वाढलं, पाय तर असे सुजले की चपलेचा पट्टा लागेना. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर असंच चाललं तर मशीनची तयारी सुरू करावी लागेल. आहारवाल्या बाईने निरोप ठेवला की येत्या बुधवारी काकूंना घेऊनच या. समोर बसवून समजावते.

आली का पंचाईत! मास्तर दोन दिवस खडू हातात घेऊन नुसते कापडाकडे बघत बसले. दुकानात काज-बटण करायला एक मावशी यायची, मास्तरांच्याच वयाची, फटकळ. शेवटी मास्तरांनी तिला गाठलं आणि घसा खाकरत खाकरत विचारलं की बुधवारी तासभर माझ्याबरोबर इस्पितळात येशील का, नुसतं बसायचं, ती बाई विचारेल त्याला मान हलवायची. मावशीने दोरा दाताने तोडला आणि सगळं प्रकरण खोदून खोदून काढून घेतलं. मास्तरांना वाटलं, आता हसणार. ती हसली नाही.

"मास्तर, खोटं बोलायला मी येईन हो. पण घरी आल्यावर भाजी कोण उकळणार?"

बुधवारी मास्तर एकटेच गेले.

तिने खुर्चीकडे बघितलं, मग दाराकडे. काकू? मास्तर उभेच राहिले आणि म्हणाले, "ती नाही. तीन वर्षं झाली जाऊन. फोन माझ्याकडेच असतो."

ती रागावेल असं मास्तरांना वाटलं होतं, रागावली असती तर थोडं बरंही वाटलं असतं. पण तिने फक्त खुर्ची ओढून दिली आणि जुना कागद उलटा केला. मग पहिल्यापासून विचारायला लागली. उकळून घेता ना? हो. पाणी ओतता ना? हो. मीठ? अर्धा चमचा. आणि पाणी? एक लिटर, मास्तर म्हणाले, आणि थोडी माया.

"थोडी काय?"

मास्तरांना नवल वाटलं. माया माहीत नाही? मग त्यांनी टेबलावरचा तिचाच रुमाल उचलून, कड दुमडून दाखवली. कपडा बेतताना शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं सोडतात, ती माया. माणूस पुढेमागे सुटला तर उसवून वाढवता येतं. नेमक्या मापाला कापतो तो शिंपी कसला! चाळीस वर्षांत त्यांनी मायेशिवाय कात्री चालवली नव्हती. म्हणून लिटरवर एक पेला माया, चमच्यावर चिमूटभर माया, भातावर घासभर माया. हे सगळं त्यांनी शहाणपणाचं म्हणून केलं होतं. त्यात चूक असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

तिने बेरीज केली. रोज पाव लिटर पाणी जास्त, मीठ जवळजवळ दीडपट. सुजलेल्या पायांचं कोडं सुटलं.

"काका, कपडा उसवता येतो. हे उसवता येत नाही. इथे मापाला माप."

मास्तरांनी मान डोलवली. एवढं साधं होतं, आणि गुरुवारी फोनवर त्यांनी स्वतःबद्दल अक्षर काढलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. पण त्या फोनवर मास्तर नव्हतेच, होती ती न आलेल्या काकूंची कारणं.

मग तिने नवा कागद घेतला. आधीचं पथ्य भरल्या घराचं होतं, ती म्हणाली, आता एका माणसाचं लिहू. एकदाच उकळून दोन वेळा पुरेल अशी भाजी, पाण्याची एकच बाटली सकाळी भरून ठेवायची, ती संपली की दिवस संपला. जेवण ताटात वाढून घ्यायचं, पातेल्यातून खाल्लं की किती खाल्लं ते कळत नाही. फॉर्मवर स्वयंपाक कोण करतं याच्यापुढे तिने 'मंडळी' खोडून 'स्वतः' लिहिलं. मग फोन नंबराच्या रकान्यावर पेन थांबलं.

"हा नंबर काढते. चालेल ना?"

मास्तर पटकन 'नको' म्हणणार होते. तो फोन तीन वर्षांनी वाजायला लागला होता, तो या पेनाच्या एका रेघेने पुन्हा मुका होणार होता. बायको गेली तेव्हा सगळं कसं झटपट उरकलं होतं, लोक आले, लोक गेले, आणि मास्तर तिसऱ्या दिवशी मशीनवर बसले होते. ती नाही हे त्यांना खऱ्या अर्थाने कळलं ते त्या तळघरात. मग ते म्हणाले, काढा, आणि स्वतःचा नंबर सांगितला.

पुढे दोन महिन्यांनी सूज उतरली, आकडे चढायचे थांबले आणि डॉक्टरांनी मशीनचं नाव तूर्तास बाजूला ठेवलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच कोणाच्या जिवाला घोर नको. पण खरी गोष्ट आहे ती त्या बुधवारनंतरच्या पहिल्या गुरुवारची.

चारला पाच मिनिटं असताना मास्तरांनी मशीन थांबवलं. मावशी काजं करत होती, तिने मान वर केली नाही. फोन वाजला, मास्तरांचा स्वतःचा. त्यांनी उचलला आणि सवयीने सांगायला निघाले की ती बाहेर गेली आहे. जीभ चावली.

"काका, काल काय काय जेवलात?"

किती साधा प्रश्न! तीन वर्षांत हा त्यांना कोणी विचारला नव्हता. मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना रडूच कोसळलं, दुकानात, भर दिवसा, गळ्यात टेप तशीच. पलीकडे तिने फोन ठेवला नाही. मावशीने उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.

मग मास्तरांनी नाक पुसलं आणि एकेक सांगायला लागले. सकाळी पावाचे दोन तुकडे. दुपारी भात, उकळलेला दुधी आणि एक अंडं. संध्याकाळीही तेच.

"आणि ताटात वाढून घेतलंत?"

"घेतलं," मास्तर म्हणाले. "बसून जेवलो. एकटाच होतो."

"बरं," ती म्हणाली, "लिहून घेते."