ग्राफिक्स कार्डाला लावलेलं कुंकू

मंगळवारी दुपारी पनवेलच्या एका दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा काउंटरवर हात आपटला. हात अजून दुखतोय, आणि राग तर त्याहून जास्त.

उभी हयात संस्कृत शिकवण्यात गेली. त्यामुळे मला शिव्या येतात त्याही विसर्गासकट... दुकानदाराला त्यातली एकही कळली नाही, हे त्याचं नशीब.

झालं असं. आमची अवनी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शुक्रवारी तिची ज्युरी. वर्षभर काढलेली इमारत परीक्षकांना आतून फिरवून दाखवायची, म्हणजे तिचा व्हिडिओ हवा. आमचा नऊ वर्षांचा कॉम्प्युटर त्या व्हिडिओच्या नुसत्या नावाने धापा टाकायचा.

उपाय एकच, नवं ग्राफिक्स कार्ड. अवनी म्हणाली, "बाबा, आधी कॅबिनेट उघडून बघू. आत जागा किती आहे, पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे, सगळं कळेल."

मी म्हणालो, "उघडायचं नाही. सील आहे."

कॅबिनेटच्या पाठीवर, जोडावर, एक चांदीच्या रंगाचा स्टिकर होता. फाटला तर वॉरंटी रद्द. नऊ वर्षं मी त्याला ओला फडकासुद्धा लागू दिला नव्हता.

मग सोमवारी मी एकटाच दुकानात गेलो. जुन्या कॉम्प्युटरला चालेल का, असं तीनदा विचारलं. "चालेल हो काका, स्लॉट सगळीकडे सारखाच असतो," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. कॉम्प्युटर कोणता, किती जुना, आत काय आहे... एक प्रश्न नाही! चपला घेतानासुद्धा लोक पायाचं माप विचारतात.

ज्ञान होण्याचे मार्ग मी पोरांना तीस वर्षं शिकवले. प्रत्यक्ष म्हणजे आपण स्वतः पाहणं, आणि शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाने सांगणं. गल्ल्यावर बसलेला माणूस त्या भरवशाच्या माणसांत मोडत नाही, हे मात्र माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

घरी आलो. आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी देवापुढे जाते. मिक्सर गेला, स्कूटर फाटकापर्यंत गेली, तेव्हा कार्डही गेलं. बंद खोक्याची पूजा कशी करायची, म्हणून मी खोकं फोडलं, आतली पिशवी कापली आणि अनामिकेने कार्डाच्या पंख्याशेजारी कुंकवाचं बोट लावलं. वर अक्षता.

अवनी दारात उभी राहून बघत होती. "बाबा... सर्किटवर नका ना सांडू," एवढंच म्हणाली.

मग नाइलाजाने कॅबिनेटचा स्टिकर कापला आणि झाकण काढलं. कार्ड टेकवलं तर पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा, दोन बोटं जागा कमी. शिवाय कार्डाला पॉवर सप्लायकडून आठ पिनांची वेगळी वायर लागते. आमच्या सप्लायला तशी वायरच नव्हती.

म्हणून मंगळवारी कार्ड घेऊन पुन्हा दुकानात. त्याने खोकं फिरवून पाहिलं. "सील फुटलंय काका. आणि हे कुंकू लावलंय, आता हे कोण घेणार?"

हे तो म्हणत होता तेव्हा त्याच्या डोक्यावर देवाचा फोटो, फोटोला ताजा हार, आणि त्याच्या स्वतःच्या बिलिंग मशीनवर हळदकुंकवाचे पाच ठिपके! मी ते बोट करून दाखवलं. तो म्हणाला, "ते आमच्या मशीनवर आहे." तेव्हा हात आपटला.

बुधवारी सकाळी अवनीने कॉम्प्युटर रिक्षात घातला आणि मला सुकापूरला घेऊन गेली. तिथे वैशालीताई म्हणून एक बाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात. इतकंसं दुकान, आणि भिंतीवर कॅबिनेटचे रिकामे सांगाडे टांगलेले. त्यांनी कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. आधी झाकण काढलं, टॉर्च मारला, टेप लावली.

"काका, ह्या सप्लायवर लिवलंय बघा, साडेतीनशे वॅट. ह्याला झेपणार नाय. मोठा सप्लाय लावू, पिंजरा खाली सरकवू. कार्ड चांगलं हाय तुमचं."

मग त्यांचं लक्ष कापलेल्या स्टिकरकडे गेलं. "वॉरंटी किती वर्षांची होती?"

"तीन."

"आणि कॉम्प्युटर?"

"नऊ."

त्यांनी चिमटा उचलला. कॅबिनेटच्या पंख्यातून दोन तांदूळ आणि झेंडूची एक सुकलेली पाकळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. नऊ खंडेनवम्यांचा प्रसाद. अवनी रस्त्याकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते.

तिथे माझा राग रस्ता बदलून माझ्याकडे आला. दुकानदाराने न बघता सांगितलं, हे खरंच. पण माझ्या घरात एकच माणूस बघायला निघालं होतं आणि त्याला मी गप्प बसवलं... सहा वर्षांपूर्वी मेलेल्या वॉरंटीचं नाव सांगून. जे सील फोडायचं नव्हतं ते मंत्र म्हणत फोडलं, आणि जे फोडायला हवं होतं त्याची राखण करत बसलो.

दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला. गुरुवारी संध्याकाळी अवनीने मला तिच्या इमारतीतून फिरवून आणलं. जिने, खिडक्या, खिडकीतून जमिनीवर पडलेलं ऊन. मी एकही सूचना केली नाही. शुक्रवारी ज्युरी झाली, आणि परीक्षकांनी जिन्यापाशी व्हिडिओ थांबवून पुन्हा बघितला म्हणे.

दुकानदारावरचा राग आहे तसाच आहे, तो मी ठेवणार आहे. वैशालीताईंना नमस्कार. त्यांनी कार्डावरचं कुंकू पुसलं नाही, "राहू द्या, पंख्याला लागत नाय," म्हणाल्या.

यंदाच्या खंडेनवमीला कॉम्प्युटर लांबूनच नमस्कार घेईल. पाटावर अवनीचा स्क्रू-ड्रायव्हर असेल.