बेंबळीच्या देवीला मोटार हवी होती

बेंबळीला निघालो ते एका निरोपावरून : "तुमची सुमन घुमायला लागलीय." सुमन माझी थोरली बहीण. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी तिला माहेरी धाडलंच नव्हतं. आईनं धपाटे बांधले आणि आम्ही मायलेकी धाराशिवच्या स्टँडवर जाऊन बसलो.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. आज तुम्ही सहज पोचाल. तेव्हा तिकीट आण्यांत असलं तरी एस.टी. वाट बघायला लावायची आणि फुफाट्यानं केस पांढरे व्हायचे. पण दोन्हीकडं ज्वारी कणसावर आलेली. जाल तेव्हा खिडकीची जागा सोडू नका.

सुमनच्या सासूबाईंनी, काशीबाईंनी, गूळपाणी दिलं. मंगळवार होता. दुपारी देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधिणी आल्या, संबळ वाजू लागला. कोपऱ्यात बसलेली सुमन उठली, केस सुटले, ती घुमू लागली. एरवी सुनेकडं न बघणाऱ्या सासऱ्यांनी पागोटं उतरवून हात जोडले.

"काय चुकलं, आई?"

"तुळजापूरला धाड मला. मोटारीनं." आवाज सुमनचा नव्हताच. "येताना धाराशिवला मुक्काम."

"व्हय आई, नेतो."

"तू नगं. सासू येईल संगं."

मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात तिच्या भेगाळलेल्या टाचांतून येणारं रक्त दिसलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी मोटारीनं, म्हणजे एस.टी.नंच, तुळजापूरला गेलो. दर्शन घेऊन संध्याकाळी घरी धाराशिवला. जेवताना आईनं विचारलं, "खरंच येतं का गं अंगात?"

"ठाऊक न्हाय. संबळ वाजला की छातीतलं सगळं वर येतं. एरवी बोललं तर मार बसतो."

काशीबाईंचा घास हातातच राहिला. "माझ्या अंगात कधी आलंच न्हाय. वाशीचं माहेर माझं. भाऊ गेला तवा बी धाडलं न्हाय."

"सकाळी वाशीची गाडी आहे," आई म्हणाली.

"मालक काय म्हणतील?"

"ते बेंबळीला आहेत."

आमच्याच जिल्ह्यातल्या त्या वाशीला मीच त्यांना घेऊन गेले. भावजयीनं आधी ओळखलं नाही. मग दारातच दोघी गळ्यात पडून रडल्या.

घरी परतल्यावर आठवत राहिलं ते हे रडणं, आणि त्या टाचा. सुमन पुढंही घुमत राहिली. देवी खरी की खोटी, याचा निवाडा मला आजवर करता आला नाही. पुढच्या वर्षी मात्र काशीबाई भर दुपारी, संबळाशिवाय, मालकांना म्हणाल्या, "वाशीला चाललेय." ते काय बोलले, ते सुमनला ऐकू आलं नाही, ती आत लुगडं बदलत होती, सासूबरोबर निघायला.