रांधणारीचं ताट

उमेळ्याला राहायला आल्यावर एका मे महिन्यात मी आमच्या बिल्डिंगमधल्या आणि मागच्या वाडीतल्या मुलींना स्वयंपाक शिकवायला घेतला. वरण-भात, भेंडीची भाजी, कोशिंबीर. जेवायची रीतही शिकवली: मचमच करायचं नाही, पानात टाकायचं नाही. शेवटच्या दिवशी सगळं त्यांनीच रांधलं. मी त्यांची ताटं वाढली आणि म्हटलं, "करा सुरुवात."

कुणीच हात लावेना. वाडीतली ख्रिस्ती मुलगी प्रार्थनेसाठी थांबली असेल, असं वाटलं. पण तिची प्रार्थना केव्हाच म्हणून झाली होती. मीठ विसरल्या की काय, म्हणून मी वरण चाखलं. चांगलं झालं होतं. मग मात्र मी चिडले.

"वरण गार होतंय. कशाची वाट बघताय?"

सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली, "काकी, आमच्याकडे जी रांधते ती शेवटी जेवते. आज तर आम्ही सगळ्यांनीच रांधलंय."

ही रीत मी शिकवलेली नव्हती. "मग सगळ्या एकदमच जेवा," मी म्हणाले.

तिने आजूबाजूला पाहिलं. "आणि तुमचं ताट?"

त्या दिवशी मी काहीच रांधलं नव्हतं. तरी माझं ताट मी मांडलंच नव्हतं.