सगळ्यांचा हौद

निजामी गेली तेव्हा मी शाळेत होतो. वाचायला शिकलो ते चळवळीच्या पत्रकांवर. पाणवठ्यावर कुणालाही अडवू देऊ नये, हे तेव्हापासून अंगात भिनलेलं. पुढं गुलमंडीजवळच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. समोर टांग्यांचा अड्डा होता. तिथल्या दगडी हौदात सगळी घोडी पाणी पीत.

एका दुपारी आरडाओरडा ऐकून बाहेर आलो. वैजापूरहून आलेला नवा टांगेवाला आपलं तांबडं घोडं हौदाकडं नेत होता. अड्ड्यावरचे सगळ्यात जुने टांगेवाले, ज्यांना सगळे चाचा म्हणत, चाबूक आडवा धरून उभे होते.

"इथं नाय. तुझं घोडं नाल्यावर पाज."

पुढचं ऐकायची मला गरजच वाटली नाही. त्या माणसाची वस्ती गावकुसाबाहेरची, हे मला ठाऊक होतं. मी हौदाच्या कठड्यावर चढलो आणि बोललो. वाईट हे, की चांगलं बोललो.

"अरे बेटा, त्या घोड्याचं नाक तर बघ," चाचा म्हणाले.

"नाक सगळ्यांचंच वाहतं, चाचा. तुमच्या मनात काय वाहतंय ते बघा."

लोक हसले. चाचांचा चेहरा उतरला.

"हे मला म्हणतोस? मला?"

त्यांनी चाबूक खाली घेतला. मग आपल्या मनात तसलं काही नाही हे दाखवायला स्वतःची पांढरी घोडी आणली आणि त्या तांबड्याच्या शेजारी उभी करून तिला पाणी पाजलं. 'सवारी चार, घरातली सात, सगळ्यांना हीच ओढते,' असं ते तिच्याबद्दल म्हणत.

दहा दिवसांत चाचांची घोडी खोकू लागली. नाकातून पिवळा पू, जबड्याखाली गाठ. तोंडात घेतलेलं पाणी नाकातून परत येई. श्वास शिटीसारखा वाजे.

जनावरांच्या डॉक्टरांनी हौद पाहिला. "सगळी यातच पितात? खोकणारं घोडं लांब बांधायचं, बादली वेगळी, दाण्याचा तोबरा वेगळा. कुणालाच एवढं कळलं नाही?"

मी खाली बघत होतो.

"नाय साहेब," चाचा म्हणाले, "कुणालाच नाय."

चौथ्या दिवशी चाचांची घोडी गुदमरून मेली. तोवर आणखी तीन घोडी खोकत होती. नव्या टांगेवाल्याचं घोडं मात्र गाठ फुटून वाचलं.

मी पत्रक जुळवलं. आयुष्यात पहिल्यांदा एकही विशेषण घातलं नाही. ते हौदावर चिकटवत होतो, तेव्हा चाचा आले. धान्याच्या मोंढ्यात हमाली करून आले होते, खांद्यावर पोत्याचा भुसा होता.

"काय लिहिलंस?"

"बादली आपापली आणा."

ते घरी गेले आणि घोडीची बादली घेऊन आले. नव्या टांगेवाल्यासमोर ठेवली.

"उकळत्या पाण्यानं धुतलीय. तुझ्या घोड्याला यातनं पाज. आणि काही विचारायचं असलं तर डॉक्टरला विचार," माझ्याकडं बोट करत ते म्हणाले, "याला नको."