नऊ नंबरची नाव

बहरीनच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझ्या बॅगेतून कमरेपर्यंत लांब पांढऱ्या जटा बाहेर काढल्या, आणि त्यांच्यामागोमाग दाढीही निघाली. त्या वेळी मला सांगलीच्या अण्णांची आठवण काही फार प्रेमाने आली नाही.

त्याचं असं झालं. माझी धाकटी बहीण वैशू बरीच वर्षं बहरीनला आहे. तिचे यजमान प्रसादराव सित्राच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनियर, मुलगी इरा नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. मी बँकेतून निवृत्त झालो म्हणून वैशूने तिकीट पाठवलं. इराने निरोप धाडला, तो मात्र चकल्यांचा नाही. 'मामा, लांब पांढरे केस आण.' तिला आणि तिच्या मैत्रिणीला कॉस्प्ले (चित्रकथेतल्या पात्रांची सोंगं) करायचं होतं.

मी जन्मभर हौशी नाटकांत प्रेतं आणि हवालदार केले. त्यामुळे आमचे ड्रेपरीवाले (नाटकाचे कपडे भाड्याने देणारे) अण्णा मला घरच्यासारखे. इराने पाठवलेलं चित्र त्यांना दाखवलं. नावेत उभी असलेली, पांढऱ्या केसांची एक जपानी मुलगी. अण्णा म्हणाले, "हाय की. ऋषींचा टोप देतो. केसाला काय कळतंय बाई का बाप्या? दाढी संगट हाय, तोडून देत न्हाई. आणि परत आणायचा बरं का. माझ्या आज्ज्यानं विणलाय त्यो."

तर तो टोप आता कस्टमच्या टेबलावर होता. "हे कुणाचे केस?" असं त्या अधिकाऱ्याने विचारलं. मी माझ्या बँकेच्या इंग्रजीत ऋषी समजावायला गेलो, ते जमेना. मग टोप डोक्यावर चढवून दाखवला, तर मागची रांगच हसायला लागली. शेवटी इराचं चित्र मोबाइलवर काढून त्याच्यापुढे धरलं आणि त्या गंभीर माणसाचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"ही तर सायो," तो म्हणाला. "आम्ही शाळेतून आलो की रोज बघायचो. शेवटी ती परदेशी शिकायला गेली. माझी बहीण दोन दिवस जेवली नव्हती."

मी "हो ना, फार वाईट झालं" म्हणालो. सायो कोण हे मला ठाऊक असतं तर अजून वाईट वाटलं असतं. त्याने स्वतःच्या हाताने टोप नीट गुंडाळून बॅगेत ठेवला.

गाडीत मी इराला हे सांगितलं तर तिने डोक्याला हात लावला. "शिकायला? मामा, शी इज डेड. ती मरते. सतराव्या भागात."

मग मनामातल्या उम्म अल हस्सम भागात, घरी पोचेपर्यंत माझा वर्ग घेतला गेला. 'नऊ नंबरची नाव' ही मूळ जपानी मांगा (चित्रकथा). सायो आणि मिओ या दोघी बहिणी बेटाबेटांमधून माणसं ने-आण करणारी नाव चालवतात. सतराव्या भागात वादळात सायो बुडते. या कथेवर टीव्हीची मालिका निघाली. ती अरबीत आणताना कुणाला तरी वाटलं की लहान मुलांना मरण कशाला दाखवायचं, म्हणून सायोला शिकायला पाठवून दिलं. पुढे जिवंत नटांचा सिनेमा आला, त्यात सायोऐवजी नाव बुडते आणि सायो लग्न करते. मोबाइलवरच्या खेळात ती दर सोमवारी जिवंत होते. जपानमध्ये नाटकही झालं, त्यात ती बुडाल्यावर उठून गाणं म्हणते. एवढी सोय आमच्या संगीत नाटकातसुद्धा नव्हती.

संध्याकाळी इरा तिच्या खोलीत गेल्यावर वैशू पोळ्या लाटता लाटता हळूच म्हणाली, "दादा, एक सांगते, पण बोलू नकोस. यांचं काँट्रॅक्ट संपतंय. जूनमध्ये आम्ही कायमचे पुण्याला. इराने मरियमला अजून सांगितलेलं नाही. रोज म्हणते, उद्या सांगते."

मरियम ही ती सोंगातली मैत्रीण. दोघी पहिलीपासून एका बाकावर. आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे उभ्या सांगलीला माहीत आहे, आणि हिने नेमकं मलाच सांगितलं.

शुक्रवारी मरियमच्या घरी, मुहर्रकला जेवायला गेलो. मनामाहून मुहर्रकला जायचं म्हणजे समुद्रावरच्या पुलावरून. पाणी इतकं उथळ आणि हिरवं, की धोतर खोचून चालत जावं असं वाटत होतं. मरियमच्या आईने पुढ्यात बलालीत ठेवलं. बलालीत म्हणजे आपल्या गोड शेवया, केशर-वेलचीच्या, आणि त्यावर चक्क ऑम्लेट. हे ज्याने पहिल्यांदा केलं तो बायकोशी भांडलेला असणार असं मला वाटलं. पण मी दोनदा घेतलं. मग माशाचा मछबूस (वाळवलेल्या लिंबाचा मसालेभात), तो तीनदा. मरियम मला 'मामा' म्हणाली की तिची आई ओढणी तोंडाला लावून हसायची, कारण त्यांच्यात मामा म्हणजे आई.

जेवणानंतर तालीम. माझी भूमिका तिथेच ठरली. मी नाव. फ्रिजच्या खोक्याची नाव माझ्या खांद्यांना पट्ट्यांनी अडकवायची आणि दोघींना दोन टोकांना घेऊन मी पुढे-मागे चालायचं. संवाद नाहीत. प्रेतानंतर ही माझी बढतीच होती.

शेवटापाशी गाडं अडलं. "इथे मी बुडते," इरा म्हणाली.

"नाही, तू शिकायला जातेस," मरियम म्हणाली.

"ते खोटं आहे. सेन्सॉरने बदललंय."

"मला माहितेय बदललंय. मी सतरावा भाग वाचलाय. तरी ती शिकायलाच गेलीय."

मरियमची आईही त्यात पडली. तिच्या लहानपणी मालिका संपली तरी गल्लीतल्या सगळ्या मुली सायो परत येईल म्हणून टीव्हीपुढे बसायच्या. मी विचारलं, "किती दिवस वाट बघितली?" ती हसून म्हणाली, "अजून बघतेय."

इराने वल्हं टाकलं आणि चपला घालून निघाली. मी खोक्यासकट तिच्या मागे, कारण पट्ट्या सुटेनात. रस्त्यावर लोक थांबून बघायला लागले. पोरगी समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

"मामा, मेली की बरं असतं," ती म्हणाली. "मग कुणी वाट बघत नाही. इथे दर जूनमध्ये कुणीतरी जातं. टच-मध्ये राहू म्हणतात. दोन महिने मेसेज, मग खलास (संपलं). मला तसं नकोय."

पंधरा वर्षांच्या पोरीने असला हिशोब करावा याचा मला राग आला. मी म्हणालो, "बुडायचं तर बुड. पण ज्या नावेतून बुडायचं, ती नाव मी आहे. मला आधी सांगत जा."

ती जराशी हसली. आत जाऊन दोघींचं काय बोलणं झालं कोण जाणे, पण मरियमने हार मानली. सायो बुडणार असं ठरलं. जूनचं मात्र काही निघालं नाही.

कार्यक्रम जुफैरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. तिथे मी पाहिलं ते असं: शेपटी लावलेली मल्याळी मुलगी, पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेली फिलिपिनो पोरं, अबायावर (काळ्या झग्यावर) गुलाबी टोप घातलेल्या बायका. त्या गर्दीत खोक्यातला निवृत्त बँकवाला कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. ऋषींच्या जटा मात्र इराला अशा शोभल्या की मी अण्णांची मनोमन माफी मागितली. दाढी मी खिशात ठेवली होती.

वादळाचं संगीत सुरू झालं. मी डोललो. इरा माझ्या मागच्या टोकाशी उभी राहिली. इथे तिने पडायचं होतं. ती पडली नाही.

"मिओ," ती इंग्रजीत म्हणाली, आणि आवाज फाटला. "मी मरत नाहीये. मी पुण्याला चाललेय. जूनमध्ये. कायमची."

पुण्याचं नाव ऐकून हॉलमधली भारतीय मंडळी खो खो हसली. मधे उभ्या असलेल्या मला मरियमचा श्वास तेवढा ऐकू आला. वल्हं तिच्या हातात तसंच.

"शिकायला?" तिने विचारलं.

"हो. अकरावी."

"मग येशील," मरियम म्हणाली. आणि हातातलं वल्हं तिने दाणकन हाणलं, ते इराला नाही, नावेला. म्हणजे मला. "यल्ला (चला)," असं ओरडली आणि मी मुकाट्याने दोघींना घेऊन विंगेत गेलो.

बक्षीस मिळालं नाही. मूळ कथेशी इमान राखलं नाही म्हणून परीक्षकांनी गुण कापले. पार्किंगमध्ये दोघी बोलत नव्हत्या, पण शेजारी बसल्या होत्या. इराने टोप काढला तो मरियमने हातातून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत कोंबला.

"हा माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "आलीस की नेशील."

इराने माझ्याकडे बघितलं. मला अण्णांचा आज्जा दिसत होता. मी म्हटलं, "राहू दे."

परतीच्या विमानतळावर माझी बॅग कुणी उघडलीसुद्धा नाही. सांगलीला पोचलो त्या दिवशीच अण्णांकडे गेलो. दाढी काढून टेबलावर ठेवली.

"आणि टोप?" अण्णांनी विचारलं.

"परदेशी शिकायला गेलाय."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चाळीस वर्षांची ओळख संपली. मग त्यांनी दाढी झटकली आणि टोपाच्या रिकाम्या खुंटीवर एकटीच टांगली.

"दुसरं काय लावत न्हाई हितं," ते म्हणाले. "आल्यावर जागा लागंल त्याला."