बसण्यापुरता गुडघा

मामांच्या उजव्या पायाला नासूर होता. गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या वरच्या टोकाला एक छिद्र, आणि त्यातून वर्षानुवर्षं येणारा पू. तरुणपणी ज्वारीचं पोतं पायावर आलं, हाड मोडलं, गावातल्या एकानं कामट्या बांधून ते बसवलं. हाड जुळलं, जखम आत राहिली. मधूनमधून त्या छिद्रातून हाडाची कपची बाहेर पडे, मग काही महिने बरे जात. जळकोटकडच्या एका गावात मामांचं कापडाचं दुकान होतं. दिवसभर ते गादीवर मांडी घालून बसत. पायाचं कुणी विचारलं, तर "हाय आपलं," एवढंच सांगत.

पुढे गुडघाच सुजला. मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकात नोकरीला होतो, म्हणून त्यांना नांदेडला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिला आणि पाय मांडीपासून काढावा लागेल, असं सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, धोतर सारखं केलं आणि परतीची एसटी कधी आहे ते मला विचारलं.

ते घाबरले, असं घरच्यांना वाटलं. तसं नव्हतं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवतात आणि बसल्या स्थितीतच मातीआड करतात. मामांची अडचण सरळ होती. पायच नसेल तर मांडी कशाची घालणार? नांदेडच्या डॉक्टरांना हे विचारून उपयोग नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. शहरात नवे फलक लागत होते. काही ठिकाणी फलक आला होता, कार्यालय यायचं होतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता. अशा दिवसांत मुंबईकडचे हाडांचे एक डॉक्टर लातूरच्या सरकारी दवाखान्यात आले. हाडातला जुना संसर्ग हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मुंबईत असे रोगी शोधावे लागत, इथे ते स्वतःहून बैलगाडीतून येत. या जिल्ह्यात एवढीच गोष्ट मुबलक आहे, असं ते म्हणत, आणि त्यात कुचेष्टा नसे.

मी मामांना त्यांच्याकडे नेलं, तेव्हा त्यांची पद्धत त्यांनी मला समजावून सांगितली. मेलेलं हाड आत राहिलं तर औषध तिथवर पोचत नाही, कारण त्या हाडाला रक्तच मिळत नाही. म्हणून ते आधी काढायचं. मग पू तपासून, त्यातल्या जंतूंवर चालेल ते औषध कित्येक आठवडे द्यायचं. सांधा कुजलेला असेल तर वरचं आणि खालचं हाड खरवडून एकमेकांना भिडवायचं आणि पाय सरळ ठेवून प्लॅस्टर घालायचं. सांधा जातो, पाय राहतो. अर्धपोटी माणसांची हाडं अशी कितपत जुळतात, हे त्यांना पाहायचं होतं.

मामांना त्यांनी सांगितलं की पाय वाचेल, मात्र गुडघा कायमचा ताठ होईल.

"मग वाकवूनच जोडा की," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वाकवून जोडलेल्या पायानं चालता येत नाही, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं.

"चालायचं आता थोडंच ऱ्हायलंय, डॉक्टरसाब. बसायचं लई हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आमची रीत सांगितली. त्यांनी ती मनापासून ऐकली, एकदोन शंकाही विचारल्या. मग म्हणाले, "माझं काम मरेपर्यंतचं आहे. त्यानंतरचं मी बघत नाही." मामांना हे उत्तर आवडलं. आपलं काम कुठं संपतं हे सांगणारा सरकारी माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

मग उदगीरच्या मठातल्या स्वामींना विचारलं. त्यांनी सांगितलं की पाय ताठ असला तरी काही बिघडत नाही, खड्ड्याला पुढून थोडी जागा वाढवता येते. मामा त्यांच्या पाया पडले. बाहेर आल्यावर म्हणाले की स्वामी भले आहेत, आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलले. तरीही ऑपरेशनला त्यांनी होकार दिला. ताठ का होईना, पाय अंगाला राहणार होता. प्रश्न मिटला, असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

ऑपरेशन चांगलं झालं. बोटाएवढं मेलेलं हाड निघालं. डॉक्टरांनी ते ट्रेमध्ये ठेवून मला दाखवलं, एखादं नाणं सापडावं तसं. इंजेक्शनं संपता संपता पू थांबला. तरुणपणापासूनचं छिद्र बुजलं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घालून मामांना घरी पाठवलं. पाय टेकवायचा नाही आणि प्लॅस्टर भिजवायचं नाही, एवढंच पथ्य होतं. त्या वर्षी दुसरं पथ्य आपोआप पाळलं जाईल, असं डॉक्टर हसत म्हणाले.

गावाला टँकर येई, तोही रोज नाही. घरातल्या घागरींवर मामींची नजर असे. एक घागर बाकीच्यांपेक्षा लवकर उतरते, हे त्यांच्या ध्यानात आलं. मी गावी गेलो होतो त्या दुपारी त्या एकदम माजघरात शिरल्या. मामा भिंतीला टेकून बसले होते. तांब्यातलं पाणी ते गुडघ्याच्या मागच्या बाजूला, प्लॅस्टरवर थेंबथेंब सोडत होते. तिथलं प्लॅस्टर भिजल्या भाकरीसारखं झालं होतं. ते दाबून मामा पाय हळूहळू वाकवत होते. चेहरा घामानं डबडबला होता.

पायाचं काय होईल, हे मामींच्या मनातही आलं नाही. त्या माझ्याकडे बघून बोलल्या, कारण नवऱ्याशी सरळ भांडायची त्यांची पद्धत नव्हती. "बघा. लेकरं घोटभर पाण्याला वाट बघून राहिलेत, आन् हितं पायाला पाणी पाजणं चाललंय."

"माझ्या वाट्याचंच हाय ते," मामा म्हणाले. "मी पेलो न्हाई."

हे खरं होतं. मामींनी नंतर घागर मोजूनमापून पाहिली आणि मान्य केलं. त्यामुळे घरापुरता वाद तिथंच संपला.

लातूरला डॉक्टरांनी प्लॅस्टर पाहिलं आणि कारण विचारलं. घाम, असं मामांनी सांगितलं. त्या उन्हाळ्यात ते पटण्यासारखं होतं. दुसरं प्लॅस्टर घातलं, त्याचंही तेच झालं. शेवटी प्लॅस्टर काढून एक्स-रे घेतला. हाड जुळलं नव्हतं. गुडघा ताठ झाला नव्हता, निम्मा वाकत होता.

डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला. मग त्यांनी सोबत आलेल्या मामींना जेवणाखाण्याचं विचारलं. दूध मिळतं का? जनावरं चाऱ्याअभावी विकली, असं मामी म्हणाल्या. अंडी? मामींनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग पाण्याचं काय?

"पाणीच कमी पडलं," मामी म्हणाल्या.

मामांनी छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी उत्तर टिपून घेतलं.

पुढे त्यांनी हे काम एका वैद्यकीय सभेत मांडलं. संसर्ग सगळ्याच रोग्यांचा आटोक्यात आला होता. हाड मात्र एका दुकानदाराचं जुळलं नव्हतं, आणि त्याचं कारण अपुरं अन्न-पाणी असावं, असा त्यांचा निष्कर्ष होता. आमच्या दैनिकानं तो पहिल्या पानावर घेतला. तो दुष्काळावरचा त्या आठवड्यातला एकमेव शास्त्रीय मजकूर होता.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले की जंतू गेले, पण ऑपरेशन फसलं. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. मामांनी टेबलावर दोन्ही हातांनी पाय ओढला आणि मांडी घातली.

"दुखत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"लई दुखतंय," मामा म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.

त्या गुडघ्यावर ते काठी टेकत, लंगडत पुष्कळ वर्षं चालले. गुडघा रोज ठणकायचा, त्याची तक्रार त्यांनी केली नाही. गेले ते छातीच्या दुखण्यानं. त्या सकाळी आंघोळ घातल्यावर बसवायची वेळ आली, तेव्हा पुरुषमंडळी अडली. पाय ऑपरेशनचा, ओढला आणि मोडला तर काय, म्हणून कुणी हात लावेना. खड्डा पुढून वाढवायला माणूस पाठवावा, असं ठरत होतं.

मामी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. रडून त्यांचा आवाज बसला होता.

"वाकतो त्यो," त्या म्हणाल्या. "वढा."